नक्षी शाबूत, पण टायर म्हातारा

प्रश्न : माझी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. २०१७च्या सुरुवातीला घेतलेला पिकअप वर्षातले नऊ महिने घरापुढे उभाच असतो. मार्चपासून मे अखेरपर्यंत मात्र पेट्या भरून गगनबावड्यावरून कोल्हापूर आणि एखाद-दुसरी वाशी मार्केटची खेप. मीटरवर जेमतेम ३१ हजार किलोमीटर पडलेत. टायर कंपनीतून आले तेच. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण बाजूला बारीक चिरा दिसू लागल्यात. पंक्चरवाला म्हणतो, अजून दोन सीझन आरामात निघतील. मुलगा म्हणतो, बदला. दुकानदाराने याच मापाचे, २१५/७५ आर १५, जीपचे टायर बऱ्याच कमी किमतीत दाखवले. गाडी फार चालत नाही तर हेच घ्या म्हणाला. आहेत त्याच टायरांवर नवी नक्षी चढवून घ्यायचा, म्हणजे रिमोल्डचाही विचार मनात आहे. चारही बदलू की मागचे दोनच? टायरवर शेवटी ४६१६ असा आकडा आहे, त्याचा काही अर्थ असतो का?
— एक बागायतदार

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही शेवटी लिहिलात. ४६१६ म्हणजे २०१६ सालचा ४६वा आठवडा, नोव्हेंबरचा मध्य. या फेब्रुवारीत तुमच्या टायरांना सव्वानऊ वर्षं झाली. मुलाचं ऐका. पहिल्या पेट्या हौद्यात चढायच्या आधी पाचही टायर बदला. पाच म्हणतोय, कारण स्टेपनीचं वयही तेवढंच आहे.

पंक्चरवाला खोटं बोलत नाही, तो नक्षी बघून बोलतो. नक्षीच्या खोबणीत तळाला १.६ मिलीमीटर उंचीचे रबराचे छोटे बांध असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. रोज धावणाऱ्या गाडीला हे माप पुरतं. तुमच्या गाडीचा टायर झिजून संपणारच नाही, तो वयानं संपणार. रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे होत नाही, म्हणून त्या चिरा. त्या निदान दिसतात तरी. आत भरलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरात मुरत असतो आणि पोलादी तारांचे पट्टे धरून ठेवणारं रबर वर्षागणिक कडक होत जातं, ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. मग एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, भरल्या हौद्यासकट पट्टा सुटतो.

हे मी अनुभवलंय. एसटीच्या कार्यशाळेत टायर विभागात मी ३१ वर्षं काढली, रोज शेकडो टायरांचे आकडे वाचले, पण स्वतःच्या जीपच्या स्टेपनीवरचा आकडा कधी वाचला नाही. २००९च्या मे महिन्यात कोल्हापूरला जाताना पंक्चर झालं, स्टेपनी चढवली. नक्षी कोरी करकरीत. घाट संपून सरळ रस्ता लागला आणि मागून कुणी पत्रा बडवतंय असा आवाज सुरू झाला. टायरची अख्खी सालपट निघून चिखलरोधकाला फटके देत होती. मागच्या सीटवर बायको आणि बहीण होती. वेग कमी होता म्हणून गाडी हातात राहिली. रस्त्याच्या कडेला बसून तो आकडा वाचला तेव्हा कळलं, टायर २००१ सालचा होता. तेव्हापासून कुणाच्याही अंगणात गाडी दिसली की मी आधी टायरचं साल बघतो.

मिशेलिन आणि कॉन्टिनेंटल या कंपन्या दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात, मग नक्षी कितीही असो. काही गाडी कंपन्या सहाच वर्षं सांगतात. कोकणातलं ऊन आणि तुमचा भार बघता मी सात वर्षांच्या पुढे जाऊ देणार नाही.

आता दुकानदाराच्या त्या स्वस्त टायरांबद्दल. इथे माझी हात जोडून विनंती आहे, ते घेऊ नका. माप तेच असलं तरी टायर तो नाही. मापापुढे लिहिलेला आकडा बघा, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. जीपच्या २१५/७५ आर १५ वर बहुधा १०० एस असतं (एस हे वेगमर्यादेचं अक्षर). १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, मागच्या दोघांवर मिळून १६००. तुमचा हिशेब करू. पाच डझनाच्या पेटीत अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर नुसता आंबाच १५ किलो. ७० पेट्या म्हणजे १०५० किलो, वर लाकूड आणि पेंढा. यातलं बहुतेक वजन मागच्या चाकांवर येतं आणि रिकाम्या गाडीचं मागचं वजन असतंच. एकदा भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घ्या. समजा १८०० किलो भरले, तर एका टायरवर ९०० झाले, म्हणजे १०४ च्या खालचा टायर चालणारच नाही. त्यावर थोडी सवड हवी आणि तुमच्या जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याहून कमी तर मुळीच नको. १०६/१०४ असे दोन आकडे असतील तर पहिला बघा, दुसरा जोडचाकांसाठी असतो आणि तुमच्या गाडीला मागे एका बाजूला एकच चाक आहे. आणखी एक खूण : आयएसआय शिक्क्याजवळ १५६३६ असेल तर तो व्यापारी गाडीचा टायर, १५६३३ असेल तर प्रवासी गाडीचा.

रिमोल्डला मी नावं ठेवणार नाही. एसटी स्वतःचे टायर असेच नवी नक्षी चढवून रिट्रेड करते, मी ते काम केलंय, चांगल्या सांगाड्यावर केलेलं रिट्रेड चांगलंच चालतं. पण नवी नक्षी चढवली तरी सांगाडा २०१६चाच राहणार.

कोणता घ्यावा? दुकानात ‘हा लाखभर किलोमीटर जातो’ असं सांगितलं तर तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. सात वर्षांत तुमचे पंचवीस हजारही होणार नाहीत. तुम्हाला ओल्या रस्त्यावर पकड हवी. पिकअप रिकामा असला की मागे हलका, पाटे कडक, आणि मेअखेरच्या पहिल्या सरीत परतताना घाटाच्या वळणावर तो मागूनच घसरतो. म्हणून उभ्या, खोल खोबण्यांचा, रस्त्यावरचा रेडियल घ्या, चारही चाकांना एकच. ठोकळेदार टायर तुमच्या कामाचा नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ज्याचा योग्य लोड इंडेक्सचा आणि ताजा माल मिळेल तो. आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सहा महिन्यांच्या आतला मागा, दुकानात दोन वर्षं पडलेला टायर म्हणजे तुमची दोन वर्षं गेली. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवे टाका. पैशांची अगदीच ओढाताण असेल तर आधी दोन घ्या, पण ते मागे लावा आणि उरलेले येईपर्यंत माल भरू नका.

सीझन संपला की गाडी सावलीत, फरशीवर उभी करा. दाराजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीची जी हवा लिहिली आहे तेवढी ठेवा, टायर थंड असताना मोजा. पंधरवड्यातून एकदा पंधरा किलोमीटर फिरवून आणा. टायर चमकवायला डिझेल किंवा रॉकेल लावतात, ते रबर खातं.

आणि जुने पाच दुकानात तसेच सोडू नका. खोबण्या कोरून ते पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागतात. रबरी टायरच्या ‘डनलॉप’ बैलगाडीला, चालीच्या वेगाला, कुणी मागितले तर द्या. नाहीतर बाजूला करवतीनं चीर मारूनच भंगारात घाला. परसात टाकून ठेवलेत तर पावसाचं पाणी साचून डास होतील.