झिर्कोनियाची कॅप सिरॅमिक असूनही फुटत का नाही?

तुमचा प्रश्न असा की कपबशी पडली की फुटते, मग सिरॅमिकच असलेली झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) कॅप दाढेवर वर्षानुवर्षं कशी टिकते, आणि यात फेज ट्रान्झिशनचा, म्हणजे पदार्थाची अवस्था बदलण्याचा, काय संबंध. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मेटलर्जी बघतो, म्हणून भट्टीपासूनच सुरुवात करतो.

फेज बदलायला पदार्थ वितळावाच लागतो असं नाही. तो घनच राहतो, आतली अणूंची मांडणी तेवढी बदलते आणि तिच्याबरोबर आकारमानही. आमच्या इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेच्या कॉइलनं धातू वितळवणाऱ्या भट्टीचं, आतलं अस्तर (लायनिंग) सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या, मुख्यतः क्वार्ट्झच्या भुकटीचं. 573 अंश सेल्सिअसला क्वार्ट्झ मांडणी बदलतो आणि एकदम फुगतो. धातूला लागून असलेल्या थरात पुढे त्याचं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच दुसरं रूप) होतं, ते थंड होताना साधारण 200 ते 270 अंशांच्या दरम्यान झटकन आकसतं आणि भेगा पडतात. म्हणून नवीन लायनिंगची पहिली हीट (धातू वितळवण्याची पहिली खेप) सावकाश घेतात, आणि गार पडलेली भट्टीही दमानं तापवतात, म्हणजे भेगा मिटतात. डिस्पॅचच्या घाईत कुणी पॉवर वाढवली तर वितळलेलं लोखंड भेगेतून कॉइलपर्यंत पोचू शकतं, आणि कॉइलमध्ये पाणी खेळत असतं. पुढचं सांगायला नको. खानापूरच्या कुंभारकामातही हेच 573 सांभाळावं लागतं. भट्टी लवकर उघडली की भांडं तडकतं.

झिर्कोनियाचं दुखणं याहून मोठं. शुद्ध झिर्कोनिया साधारण 1170 अंशांच्या वर टेट्रागोनल नावाच्या मांडणीत असतो, थंड होताना मोनोक्लिनिक या दुसऱ्या मांडणीत जातो आणि चार-पाच टक्के फुगतो. शुद्ध पावडरचा ठोकळा भाजला तर भट्टीतून बाहेर येईपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतात. त्यात सुमारे 3 मोल टक्के (रेणूंच्या संख्येच्या हिशेबानं) यिट्रिया, म्हणजे यिट्रियम ऑक्साइड, घातला आणि कण मायक्रॉनपेक्षा बारीक ठेवले, तर टेट्रागोनल मांडणी खोलीच्या तापमानालाही टिकते. टिकते म्हणजे अडकून पडते. तिला बदलायचंच असतं.

आता भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी ताण येतो, तिथले कण सुटतात, मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी आवळतात. जे फुगणं ठोकळा फोडत होतं तेच भेग थांबवतं, म्हणून कॅप टिकते! ऑस्ट्रेलियातल्या गार्वी आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, शीर्षक होतं 'सिरॅमिक पोलाद?'. माझ्या मते आपल्या विषयात इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडते.

पण हे अडकवून ठेवणं कायमचं नाही. ओलाव्यानं पृष्ठभागावरचे कण हळूहळू आपणहून बदलतात. 2001 च्या सुमारास खुब्याच्या सांध्यात बसवलेले झिर्कोनियाचे शेकडो गोळे लवकर फुटले. कारण निघालं भाजण्याच्या भट्टीत केलेला बदल. तेव्हापासून ॲल्युमिना किंवा सिरिया (ॲल्युमिनियम किंवा सिरियमचं ऑक्साइड) मिसळून हे म्हातारपण लांबवण्यावर भरपूर काम चाललंय. एम.एस्सी.ला असाल तर हा विषय जरूर घ्या.

डोळ्यांनी बघायचं असेल तर यिट्रियावाल्या झिर्कोनियाचा तुकडा मोडा आणि मोडलेल्या तोंडाचा एक्सआरडी काढा, म्हणजे क्ष-किरण टाकून अणूंची मांडणी दाखवणारा आलेख. क्ष-किरणांच्या नेहमीच्या तांब्याच्या ट्यूबवर टेट्रागोनलचा पीक (आलेखातलं टोक) 30.2 अंशांच्या कोनाला येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, 28.2 आणि 31.4 ला, पॉलिश केलेल्या भागात जवळपास नसलेले मोनोक्लिनिकचे दोन पीक उभे राहिलेले दिसतील.