वाचकांचे प्रश्न : नॉर्मंडीची पुळण, होड्या आणि तरंगते रणगाडे

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर समुद्रातून सैन्य उतरवलं. पश्चिमेकडून पूर्वेकडे युटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड अशा पाच पुळणी होत्या. पहिल्या दोन अमेरिकनांच्या, जूनो कॅनडाची, उरलेल्या दोन ब्रिटिशांच्या. या मोहिमेवर आलेल्या पत्रांपैकी पाणी, यंत्रं आणि सामानाविषयीची पत्रं या वेळी घेतली आहेत. कोणता सेनापती थोर, हा वाद पुन्हा कधीतरी.

प्रश्न (गुहागर) : होडी किनाऱ्याला लावायची तर भरती गाठावी, हे आमच्याकडे पोरही सांगेल. मग इथे ओहोटी का निवडली? त्यामुळे सैनिकांना उघड्या वाळूतून कितीतरी जास्त धावावं लागलं ना?

धावावं लागलं. ओमाहावर पाण्यापासून दगडगोट्यांच्या बांधापर्यंत पावणेतीनशे मीटरच्या आसपास मोकळी वाळू होती. पण हिशेब आपण म्हणता तसाच या किनाऱ्याच्या बचावाची जबाबदारी असलेला जर्मन सेनापती रोमेल यानेही केला होता. शत्रू भरतीला येईल असं गृहीत धरून त्याने भरतीच्या रेषेखालच्या वाळूत अडथळे रोवले होते : लोखंडी चौकटी, समुद्राकडे कललेले ओंडके, एकमेकांत जोडलेल्या लोखंडी तुळयांचे काटे. अनेकांच्या टोकाला सुरुंग बांधलेले. भरतीला हे सगळं पाण्याखाली जातं आणि होडीच्या तळाला भोक पडल्यावरच कळतं. ओहोटीला ते उघडं पडतं.

ओहोटी अगदी तळाला असतानाही उतरून चालत नाही. मोकळी झालेली होडी पाणी उतरत असताना वाळूत रुतली, तर पुढच्या भरतीपर्यंत ती तिथेच अडकून बसते आणि मागच्या होडीची वाट अडवते. म्हणून ओहोटी संपून तासभर झालेला, पाणी चढू लागलेलं, ही वेळ धरली. अमेरिकन पुळणींवर ती सकाळी ६.३० होती. भरतीची लाट इंग्लिश खाडीत पश्चिमेकडून शिरते, त्यामुळे गोल्ड आणि स्वोर्डवर ७.२५ झाले. जूनोसमोर खडक आहेत, त्यांच्यावर पुरेसं पाणी चढावं म्हणून तिथे आणखी उशीर.

त्यात चंद्राची अट होती. पॅराट्रूपर आणि ग्लायडरसाठी रात्री चांदणं हवं, आणि पहाटे उजाडल्यावर नौदलाच्या तोफांना नेम धरायला थोडा वेळ हवा. पौर्णिमेचं उधाण असताना या किनाऱ्यावर ओहोटी नेमकी पहाटेच्या सुमाराला येते. जूनमध्ये हे सगळं जुळणारे दिवस ५, ६ आणि ७ हेच होते. ५ तारीख वादळी हवेमुळे हुकली. हवामानप्रमुख जेम्स स्टॅग यांनी ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं सांगितलं, आणि दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर याने तेवढ्यावर होकार दिला. ही संधी सोडली असती तर ओहोटीची पुढची वेळ १८ ते २० जूनची होती. १९ जूनला तिथे काय झालं, ते खाली बंदराच्या प्रश्नात आहे.

या निवडीची किंमत सुरुंग लावणाऱ्या पथकांनी मोजली. पाणी तासाला चारेक फूट चढत होतं, म्हणजे अडथळे उडवायला जेमतेम अर्धा तास. ओमाहावर लष्कर आणि नौदल यांची मिळून १६ पथकं होती. प्रत्येकाने ५० यार्ड रुंदीची एक वाट मोकळी करायची होती. पूर्ण झाल्या पाच-सहा. गोळीबारात सामान आणि माणसं गेली हे एक कारण. दुसरं जास्त अवघड : पायदळाचे सैनिक त्याच अडथळ्यांच्या आडोशाला लपले होते, मग स्फोट करायचा कसा? झालेल्या वाटांवरची खुणेची निशाणंही बरीच हरवली. पाणी चढल्यावर मागून येणाऱ्या होड्यांना मोकळी वाट कुठली, हे दिसेना.

प्रश्न (रत्नागिरी) : सैनिकांच्या होडीचं १:७२ प्रमाणातलं मॉडेल करतो आहे. मापं आणि महत्त्वाचे भाग सांगाल का? आत माणसं कशी बसवायची?

आपण हिगिन्स होडीबद्दल विचारत असाल असं धरतो, म्हणजे अमेरिकन एलसीव्हीपी (सैनिक आणि वाहनं उतरवणारी होडी). लांबी ३६ फूट ३ इंच, रुंदी १० फूट १० इंच. आपल्या प्रमाणात साधारण १५३ मिमी आणि ४६ मिमी. बाजू प्लायवुडच्या होत्या, पोलादी रॅम्प फक्त पुढे. अनेक मॉडेलांत सगळी होडीच लोखंडी दाखवतात, ते चूक. इंजिनाची पेटी मागच्या भागात, सुकाणूवाला तिच्या बाजूला डावीकडे उघड्यावर उभा, आणि त्याच्या मागे मशीनगनसाठी दोन गोल खळगे. खलाशी चार. २२५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, भरलेली असताना वेग ९ नॉटच्या आसपास. पंखा तळाच्या खोबणीत बसवलेला असल्यामुळे वाळूवर घासत नाही. हाच या होडीचा जीव. पुढे पाणी सव्वादोन फूट आणि मागे तीन फूट असलं की ती तरंगते. नॉर्मंडीत होडीच्या अंगावर तिच्या मूळ जहाजाचा क्रमांक ‘पीए’ अक्षरांसह रंगवलेला असे, तो विसरू नका.

क्षमता ३६ सैनिकांची. ओमाहावरच्या पहिल्या फळीत मात्र सामानासकट ३०-३२ जणच घेतले. बसण्याचा क्रम उतरण्याच्या क्रमानुसार. सर्वांत पुढे अधिकारी आणि पाच रायफलवाले, मग तार कापणारे चार, स्वयंचलित रायफलच्या दोन जोड्या, बझुकाच्या (खांद्यावरच्या रणगाडाविरोधी रॉकेट-नळीच्या) दोन जोड्या, ६० मिमी उखळी तोफेचे चौघे, ज्वालाफेकीचे दोघे, स्फोटकांचे पाच. शेवटी आरोग्यसेवक आणि उपप्रमुख. आकृत्या उभ्या ठेवा. बाकं नव्हती.

होडी लावायची रीत अशी. नाक वाळूला टेकलं की इंजिन पुढच्या गतीतच चालू ठेवायचं, म्हणजे होडी जागेवर धरून राहते. रॅम्प टाकायचा, माणसं उतरली की उचलायचा, मग सरळ मागे. मागे येताना लाट बाजूने लागली तर होडी आडवी होऊन पुळणीवर फेकली जाते. दुसरा धोका वाळूच्या दांड्यांचा. होडी दांड्यावर टेकते, किनारा आला असं वाटतं, रॅम्प पडतो, आणि पलीकडे डोक्याइतकं पाणी असतं. अंगावर तीस किलोच्या आसपास ओझं असलेला माणूस त्यात उभा राहू शकत नाही. हवेचा पट्टा छातीऐवजी कमरेला बांधलेला असेल तर तो माणसाला उलटा करतो, पाय वर आणि डोकं पाण्यात. असे मृत्यू प्रत्यक्षात झाले.

ओमाहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जर्मन तोफांच्या टप्प्याबाहेर राहावं म्हणून अमेरिकन जहाजांनी अकरा मैलांवर नांगर टाकला, ब्रिटिशांनी सात-आठ मैलांवर. खवळलेल्या पाण्यात दोन-तीन तास सपाट बुडाच्या होडीत काढल्यावर माणूस किनाऱ्याला लागतो तेव्हा अर्धा संपलेला असतो. आमच्या मते हा निर्णय चुकीचा होता.

प्रश्न (नाशिक) : ओमाहावर तरंगणारे रणगाडे बुडाले. मुळात रणगाडा तरंगतो कसा, आणि युटावर ते पोहोचले तर इथेच का बुडाले?

त्याची रचना कागदावर फार हुशारीची आहे. शर्मन रणगाड्याच्या कडेने कॅनव्हासचा पडदा, त्याला रबरी नळ्या जोडलेल्या. दाबाची हवा सोडली की नळ्या ताठ होतात, पडदा बुरुजाच्या वर उभा राहतो आणि तिरक्या लोखंडी दांड्यांनी त्याला टेकू मिळतो. तीस टनांहून जड गाडी पडद्याने बाजूला सारलेल्या पाण्यावर तरते. गाडी स्वतः पाण्याच्या पातळीखालीच असते. इंजिन मागच्या दोन पंख्यांना फिरवतं, वेग चारेक नॉट. वाळूवर आलं की हवा सोडायची, पडदा कोसळतो, तोफ मोकळी. ही कल्पना निकोलस स्ट्रॉसलर यांची.

कमकुवत भाग एकच, पडदा. पाण्यावर त्याची उंची जेमतेम तीन फूट उरते आणि बेत फूटभर लाटांचा धरलेला. ६ जूनच्या सकाळी ओमाहासमोर सहा फुटांपर्यंत लाटा होत्या. अमेरिकन ७४१व्या रणगाडा बटालियनचे २९ रणगाडे किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर पाण्यात सोडले, त्यांतले २७ बुडाले. लाट बाजूने लागली की टेकूचे दांडे वाकतात, पडदा आत दुमडतो आणि गाडी दगडासारखी खाली जाते. दोन रणगाडे पोहत पोहोचले. तीन आपल्या होडीतूनच थेट पुळणीवर उतरवले गेले. शेजारच्या ७४३व्या बटालियनला घेऊन येणाऱ्या नौदल अधिकाऱ्यांनी पाणी बघून रणगाडे सोडायचेच नाहीत असं ठरवलं आणि ते थेट वाळूवर नेले. युटा किनारा कोतांतां द्वीपकल्पाच्या आडोशाला आहे. तिथे रणगाडे जवळून सोडले, आणि ३२ पैकी २८ पोहोचले.

यंत्रात खोट होती असं म्हणणं म्हणूनच पटत नाही. त्याची मर्यादा आधीपासून माहीत होती. पाणी कुणी बघायचं आणि ‘सोडू नका’ कुणी म्हणायचं, हे प्रत्येक गटात सारखं पक्कं नव्हतं.

प्रश्न (सोलापूर) : ब्रिटिशांच्या ‘विचित्र’ रणगाड्यांबद्दल वाचलं. त्यांतला सर्वांत उपयोगी कोणता?

मेजर जनरल पर्सी होबार्ट यांच्या ७९व्या चिलखती डिव्हिजनचे ते. आमचं मत ‘क्रॅब’ला. शर्मनच्या पुढे फिरता दांडा, त्याला ४३ साखळ्या. त्या जमिनीवर आपटतात आणि भूसुरुंग गाडीच्या पुढेच फुटतात. साफ करताना वेग ताशी दोन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. शत्रूच्या तोफेला आयतं लक्ष्य. स्फोटांनी साखळ्या तुटत जातात, त्या बदलत राहाव्या लागतात. जमिनीत खळगा असेल तर त्याच्या तळाचा सुरुंग सुटून जातो.

‘पेटार्ड’ ही चर्चिल रणगाड्यावरची आखूड उखळी तोफ. १८ किलोचा डबाच फेकायची, काँक्रीट फोडायला. उपयोगी पल्ला ऐंशीएक मीटर. पुन्हा भरण्यासाठी झाकणातून हात बाहेर काढावे लागत, ते काम कोणाला आवडत असेल असं वाटत नाही. तिसरा, रिळावर गुंडाळलेलं कापडी जाड अंथरूण वाळूवर पसरत जाणारा. त्याची गरज का पडली, हे ऐकण्यासारखं आहे. या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूखाली मऊ चिकणमाती असल्याचा संशय होता. १९४३च्या ३१ डिसेंबरला रात्री स्कॉट-बाउडेन आणि ऑग्डन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्यावर गेले आणि जर्मन पहाऱ्याखालच्या पुळणीतून गिरमिटाने मातीचे नमुने काढून घेऊन आले.

प्रश्न (ठाणे) : एवढी विमानं आणि युद्धनौका असताना ओमाहावरची ठाणी शाबूत कशी राहिली?

ढग होते. आपल्याच होड्यांवर बॉम्ब पडू नयेत म्हणून विमानांनी ते काही सेकंद उशिरा सोडले, आणि ते किनाऱ्यामागे, काही तर तीन मैल आत, शेतांत पडले. नौदलाला तोफा डागायला ओमाहावर चाळीसेक मिनिटं मिळाली. ब्रिटिश पुळणींवर भरती उशिरा, म्हणून दोन तासांच्या जवळपास. शिवाय जर्मन तोफा समुद्राकडे तोंड करून नव्हत्या. त्या पुळणीच्या लांबीला समांतर रोखलेल्या, समुद्राच्या बाजूला काँक्रीटची जाड भिंत, त्यामुळे जहाजावरून तोफेची चमकही दिसत नसे. दुपारपर्यंत पारडं फिरलं त्यात विनाशिकांचा वाटा मोठा. तळ घासण्याचा धोका पत्करून त्या हजार यार्डांपर्यंत जवळ आल्या आणि दिसेल त्या ठाण्यावर थेट मारा केला.

प्रश्न (बेळगाव) : पहिल्या दिवशी एकूण किती सैन्य उतरलं?

सुमारे १,५६,००० सैनिक, त्यांतले २३,००० च्या आसपास हवाई मार्गाने. जहाजं आणि होड्या मिळून जवळजवळ ७,०००. त्यांतल्या ४,००० हून जास्त फक्त उतरवण्याच्या कामाच्या, युद्धनौका १,२०० च्या घरात. नावांनिशी खात्री झालेले त्या दिवसाचे दोस्तांचे मृत ४,४०० हून जास्त.

प्रश्न (पणजी) : कृत्रिम बंदर वादळात मोडलं, तर मग सामान उतरलं कसं?

बंदरं दोन होती, ओमाहावर अमेरिकन आणि गोल्ड पुळणीवरच्या आरोमाँशला ब्रिटिश. बाहेरच्या बाजूला जुनी जहाजं बुडवून केलेला बांध आणि काँक्रीटच्या पोकळ पेट्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या साठ मीटर लांब, अठरा मीटर उंच, सहा हजार टनांच्या. इंग्लंडहून ओढत आणायच्या आणि झडपा उघडून बुडवायच्या. आत तरंगते धक्के आणि पूल. १९ ते २२ जूनच्या वादळात नांगर तुटलेल्या होड्या पुलांवर आदळत राहिल्या. ओमाहाचं बंदर कामातून गेलं. त्याचे सुटे भाग आरोमाँशच्या दुरुस्तीला वापरले.

पुढचा मार्ग साधा निघाला. एलएसटी ही ३२७ फूट लांबीची सपाट तळाची जहाजं. उतरत्या पाण्यात ती मुद्दाम पुळणीवर बसवायची, पाणी ओसरलं की पुढची दारं उघडून ट्रक कोरड्या वाळूवरून हाकायचे, आणि पुढच्या भरतीला जहाज तरंगलं की परत. असं बसवल्यावर जहाजाची पाठ मोडेल अशी नौदलाला भीती होती. मोडली नाही. मोडक्या बंदराशिवायही ओमाहावर माल भरपूर उतरत राहिला.

प्रश्न (पुणे) : या सगळ्यात हिंदी सैनिक कुठे होते? खडकवासल्याचा काही संबंध आहे असं ऐकलं.

नॉर्मंडीशी थेट नाही. गंमत म्हणजे त्या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावर हिंदी सैनिक होते ते जर्मन बाजूला. सुभाषबाबूंनी उभारलेली ‘आझाद हिंद’ लीजन बोर्दोजवळ लाकानो इथे किनाऱ्याच्या राखणीला होती आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये रोमेलने तिची पाहणी केली होती.

खडकवासल्याला मात्र किनाऱ्यावर उतरण्याचं प्रशिक्षण देणारं युद्धकालीन केंद्र होतं. तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ हे जहाजाचं नकली बांधकाम होतं. पुढे याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. तलावात जाळीवरून उतरणं, होडीत बसण्याचा क्रम, रॅम्पवरून सुटणं शिकता येतं. भरती, लाटांची फूट आणि वाळूखालचा चिखल तिथे मिळत नाही. हिंदी डिव्हिजनांनी ९ सप्टेंबर १९४५ रोजी मलायात मोरिबच्या किनाऱ्यावर वाहनं उतरवली, तेव्हा जपानने शरणागती पत्करलेली होती, समोरून गोळी येणार नव्हती. तरीही वरून घट्ट दिसणाऱ्या वाळूखालच्या चिखलात कितीतरी गाड्या रुतल्या आणि भरतीत बुडाल्या.