जुनी टर्बो पेट्रोल गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेजही पडलंय. आधी काय तपासावं?

ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई नको, तो धुरातला ऑक्सिजन मोजून बहुतेकदा फक्त निरोप देतो, दोष दुसरीकडेच असतो. सकाळी गार इंजिन स्टार्ट न करता स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. मे महिन्यात नागपुरात ते तिशीच्या आसपास हवं. पाच-दहा दाखवलं तर कूलंटचा सेन्सर खोटं बोलतोय आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा पेट्रोल ओततोय.

धूर फक्त रेस दिल्यावर येतो? मग एअरफ्लो सेन्सरवाल्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत टर्बोकडून इंजिनकडे जाणारा पाइप बघा, तो फुटला असेल. मग मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र तिच्याच हिशोबाने पडतं. आपल्या उन्हात हे रबर कडक होऊन क्लॅम्पखालीच तडकतं. तिथे तेलकट डाग दिसतो. इंजिन बंद ठेवून पाइपात १० पीएसआय दाबाने हवा भरा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम नळीत पेट्रोल आढळलं तर त्याच्या आतला पडदा फाटलाय, रेग्युलेटर बदला.