ताटाशी बसणारा ब्रुनो

प्रश्न: आमचा ब्रुनो, लॅब्रेडॉर, जेवताना सगळ्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बघत बसतो. परवा जाऊबाई आणि भाऊजी आले होते, भाऊजींनी त्याला शिऱ्याचा घास भरवला आणि जाऊबाई अर्ध्या ताटावरून उठल्या. आता बोलणंच बंद आहे. चूक कोणाची?

उत्तर: तुमचीच हो, ब्रुनो बिचारा काय करणार! पाहुणे यायच्या आधी त्याला पोटभर खायला घालून आतल्या खोलीत ठेवायचं, आणि कुत्र्याची भीती वाटते का हे फोनवरच विचारायचं. पण मला जास्त काळजी त्या शिऱ्याची वाटली, कारण त्यात बेदाणे असणारच, आणि बेदाणे-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते, कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, चॉकलेट तर विषच, म्हणून "एकच घास" म्हणणाऱ्या प्रेमळ माणसाला हात धरून थांबवा, भाऊजी असले तरी. हॉटेलात न्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा, पट्टा आखूड धरून टेबलाखाली बसवा, हॉटेलच्या प्लेटमधून भरवू नका, त्याचा वाडगा घरून न्या. आणि जाऊबाईंना पुन्हा जेवायला बोलवा, यावेळी ब्रुनो आत.