आधी केमिस्ट्री, मग बर्कली

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. मुलगी डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात आहे, तिला एन्व्हायर्नमेंटल सायन्सच करायचंय. पुण्याच्या नातेवाइकांना आम्ही नुसतं ‘कॉलेजात आहे’ एवढंच सांगतो. तिनं जोडीला कॉम्प्युटर सायन्सचे कोर्स घ्यावेत, म्हणजे हाताशी काहीतरी राहील, आणि दोन वर्षांत ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली कॅम्पसला जावं असं वाटतं. शनिवारी ती अल्व्हिसोला खाडीकाठी तण उपटायला जाते. तो वेळ वाचवावा का? – एक वडील

उत्तर : नातेवाइकांना तुम्ही अर्धवट सांगता, हे तिला कळत नसेल असं समजू नका. घरातलं फोनवरचं बोलणं मुलांना बरोबर ऐकू येतं. आणि लपवताय तरी काय? ट्रान्सफर होऊन जिथे जाईल, त्या युनिव्हर्सिटीची पदवी तिला मिळणार. निम्मी वर्षं स्वस्तात झाली, हे तर मिरवून सांगायला हवं!

एक गैरसमज मात्र महागात पडेल. ‘दोन वर्षांत बर्कली’ म्हणताना साठ सेमिस्टर युनिट (क्रेडिट), म्हणजे डी अँझाच्या क्वार्टर (तिमाही) पद्धतीत नव्वद, भरली की झालं असं तुम्ही धरून चालला आहात. युनिट ट्रान्सफर होणं वेगळं आणि ते मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, लागू पडणं वेगळं. जनरल केमिस्ट्रीचे तीन कोर्स एकापाठोपाठ एक येतात, आधीचा पास झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. ते दुसऱ्या वर्षावर ढकलले तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीला जागाच उरत नाही. कॅल्क्युलस आणि बायोलॉजीचंही तसंच. उन्हाळ्यात शेजारच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात मधलाच एखादा भाग उरकायचा मोहही टाळा, ते तुकडे बरेचदा जुळत नाहीत. ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर डी अँझा, युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरला जातो ते दिसतं. तिनं हे पहिल्याच क्वार्टरला बघावं. तिनं, तुम्ही नव्हे.

तुमचं ते ‘हाताशी काहीतरी’ तिच्या केमिस्ट्रीच्या ग्रेडचा घास घेईल. बारा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये दोन प्रयोगशाळा असताना प्रोग्रॅमिंग कुठे कोंबणार? स्टॅटिस्टिक्स घेऊ दे, ते खरंच कामाला येतं.

बर्कलीला जरूर अर्ज करा. पण टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहाच कॅम्पस देतात आणि बर्कली त्यात नाही. डेव्हिस आणि सांताक्रूझ आहेत. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, एकाच कॅम्पसला करता येतो. मेजरनुसार अटी वेगळ्या असतात.

आता शनिवार. ट्रान्सफरच्या अर्जात एक प्रश्न सक्तीचा असतो : या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत? अल्व्हिसोच्या जुन्या मिठागरांत पुन्हा भरतीचं पाणी घेऊन पाणथळ जमीन परत आणताहेत, आणि तुमची मुलगी त्या काठावर गुडघे टेकून बसते. याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही. तुम्ही मात्र पत्रात ते तक्रारींत घातलंत.

या शनिवारी तुम्हीही जा. बूट जुने न्या, तिथला चिखल सहजी निघत नाही.