‘उबदार सोनेरी तपकिरी’ की ‘तांबूस सोनेरी’?

प्रश्न असा आहे की, गूळ आणि काकवीच्या नव्या वेष्टनासाठी ‘वॉर्म गोल्डन ब्राऊन’ हा रंग ठरला असून माहितीपत्रकात त्याला ‘उबदार सोनेरी तपकिरी’ म्हणावे का.

यातला ‘उबदार’ आधी काढावा. मराठीत उबदार असते ती गोधडी, खोली किंवा फार तर स्वागत. रंगांच्या बाबतीत चित्रकलेच्या वर्गापासून आपण ‘उष्ण’ आणि ‘शीत’ असेच शब्द ऐकत आलो आहोत. शिवाय तांबूस, केशरी, पिवळा हे रंग मुळातच उष्ण असल्याने ते विशेषण वेगळे लावण्याचे कारणही उरत नाही.

‘तपकिरी’ची अडचण निराळी आहे. हा शब्द ‘तपकीर’वरून, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीवरून आला. रोजच्या बोलण्यात ते मूळ कोणाला आठवत नाही, त्यामुळे शब्द त्याज्य ठरत नाही. पण खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तो मिरवावा असेही मला वाटत नाही. त्यातच मराठीत रंगांची जोडी करताना मुख्य रंग शेवटी येतो: ‘लालसर तपकिरी’ हा तपकिरी असतो, लाल नव्हे. ‘सोनेरी तपकिरी’ म्हटले की वजन तपकिरीवर पडते आणि सोने केवळ छटेपुरते उरते.

पर्याय शोधताना स्वयंपाकघराची भाषा सर्वांत उपयोगी पडते, कारण तिथे या एकाच पट्ट्यातल्या पायऱ्या नेमक्या ओळखल्या जातात. कांदा आधी गुलाबी होतो, मग तांबूस. बेसन किंवा रवा बदामी रंगावर भाजतात. ‘खरपूस’ मात्र रंगाचे नाव नव्हे. त्यात भाजल्याचा वास आणि कुरकुरीतपणा येतो, म्हणून काकवीसारख्या पातळ पदार्थाला तो लावता येणार नाही. ‘पिंगट’ हा अर्थाने पुष्कळ जवळचा शब्द असला, तरी मळकट, काळपट, पिवळट यांच्या पंगतीतला तो ‘ट’ कानाला रंग फिका पडल्यासारखा वाटतो. गुळावरून ‘गुळी’ असे नवे विशेषण घडवण्याचा मोह होईल, पण गुळी म्हणजे नीळ देणारे झाड, तेव्हा जुना शब्द जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलताच रंग उभा राहील!

माझे मत ‘तांबूस सोनेरी’ला आहे. त्यात सोनेरी मुख्य राहतो, तांब्याची लाली येते आणि पुऱ्या तळताना हे शब्द सहज वापरले जात असल्याने वाचकाला अडखळावे लागत नाही. फिकट, पिवळसर गुळासाठी हवे तर ‘बदामी’ घ्यावा. रसायन न घालता केलेला गडद गूळ आणि काकवी यांना तांबूस सोनेरीच शोभेल.

छापखान्याला मात्र यांपैकी कोणताही शब्द देऊ नये. तिथे ‘सोनेरी’ म्हणजे चकाकती शाई किंवा फॉइल असा अर्थ सर्रास घेतला जातो, म्हणून रंगीत छपाईच्या चार शायांचे (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) प्रमाण आणि मान्य केलेला छापील नमुना सोबत द्यावा. तो नमुना वेष्टनाच्या खऱ्या पार्श्वभूमीवरच तपासावा: तपकिरी हा वस्तुतः मंद केलेला नारिंगी असल्याने पांढऱ्यावर तो गडद दिसतो आणि काळ्यावर तोच नारिंगीकडे झुकतो.