राक्षस काढायचाय? आधी पांडवलेणी गाठ

मनाने काढलेला राक्षस बहुतेकदा हवेत तरंगतो, कारण त्याचं वजन कुठे पडतं हे ठरलेलंच नसतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत लेणे क्र. ३ च्या ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे यक्ष आहेत. त्यांची मान कशी दबलीय, खांदा कुठे वर आलाय, ते तिथेच बसून काढ. २बी पेन्सिल आणि ए५ वही पुरे. नुसत्या फोटोवर विसंबू नकोस, मोबाइलची वाइड लेन्स कडेचे आकार ताणते.

जलरंगाला ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) म्हणजे जाड कागद घे, चारही कडा टेपने चिकटव. पातळ कागद फुगतो नि रंग खळग्यांत साचतो. पावसाळ्यात थर उशिरा वाळतो. घाई केलीस की खालचा रंग उचलला जातो.

मुखपृष्ठ असेल तर ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी कडेबाहेरची जादा चित्रपट्टी) ठेव, नि ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके). झगझगीत निळं-जांभळं आकाश छपाईत मळतं, म्हणून सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) आधीच तपास.